सहा अंशांचा डोंगर

विदर्भात शहाणी माणसं डिसेंबरात येतात. आर्थर वेलस्लीनं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला तो १५ डिसेंबर १८०३ रोजी. हाच गृहस्थ पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. नेपोलियनशी तो भर जूनमध्ये लढला, पण गाविलगडाला हात घालण्याआधी त्यानं थंडी पडू दिली. यात काय ते समजून घ्यावं. १९५३च्या नागपूर कराराचा मान राखून सरकार नागपुरात येतं, तेही हिवाळी अधिवेशनाला. संत्री खातं, हुरडा चाखतं आणि संक्रांतीच्या आत परत जातं. उन्हाळी अधिवेशन नागपुरात घ्या, अशी मागणी कट्टरातल्या कट्टर विदर्भवाद्याच्या तोंडूनही मी ऐकलेली नाही. शिक्षण खात्यालाही सगळं ठाऊक आहे. उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होते, आमच्याकडं तो महिना संपत आल्यावर.

मी याच खात्यात, भद्रावतीला, मुलांना मराठी शिकवते. एप्रिल सरत आला की आमच्या गावात सकाळी दहानंतर रस्त्यावर चेहरा दिसत नाही. डोळ्यांपुरती फट सोडून बाकी सगळा दुपट्टा. दुकानदार गिऱ्हाईक आवाजावरून ओळखतो आणि वर्गातली पोरं मला चपलेवरून ओळखून गल्लीत वळतात. या दिवसांत आमच्या जिल्ह्यात हौसेनं येणारे लोक एकच, ताडोब्याचे पर्यटक. मे महिन्यात रानातलं पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो, म्हणून पुण्या-मुंबईची माणसं उघड्या जिप्सीत, भर उन्हात, पैसे मोजून बसतात. मोहर्लीच्या फाटकाकडं जाणारा एक रस्ता भद्रावतीतून आहे. ती मंडळी त्या रस्त्याला लागतात तेव्हा आमच्यासारखे कोणी स्टेशनकडं बॅगा घेऊन निघालेले असतात. दोन्ही बाजूंना समोरच्याची मनापासून कीव येते.

आमचे हे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. निवृत्त झाले, पण मोजणं सुटलेलं नाही. भद्रावतीच्या आसपास डोंगर म्हणावेत असे दोनच प्रकार. एक विजासनची टेकडी, जिच्या पोटात प्राचीन काळी बौद्ध भिक्खूंनी लेणी खोदली. (इथला उन्हाळा भोगल्यावर दगडात आत-आत जावंसं वाटणं मला तरी सगळ्या धर्मांत शक्य वाटतं.) दुसरा प्रकार म्हणजे ओबीचे ढीग. कोळशावरची माती-दगड काढून बाजूला रचतात, त्याला खाणीत ओबी म्हणतात. वर्षानुवर्षं रचून त्याचे सपाट माथ्याचे डोंगर झालेत, त्यांवर आता सुबाभूळही वाढली आहे. यातले काही डोंगर ह्यांच्या नोकरीत, ह्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. त्यामुळे डोंगर ही निसर्गाची किमया वगैरे ह्यांच्यापुढं बोलायची सोय नाही. डोंगर कसा करतात ते त्यांना माहीत आहे.

मुलगा पुण्याला असतो. सगळ्यांची मुलं पुण्यालाच असतात. त्यानं फोनवर सुचवलं, "आई, बाबांना घेऊन मनालीला जा ना."

हे पलीकडून म्हणाले, "काहून? तिथं जाऊन मे महिन्यात स्वेटर घालून बसाचं हाये का?"

महाबळेश्वर लांब पडतं आणि तिथं गेलं की आपण विदर्भातले आहोत हे चार ठिकाणी सांगावं लागतं. मी पचमढीचं नाव काढलं आणि घरात इतिहासाचा तास सुरू झाला. पचमढी मुळात आपली, हे ह्यांचं ठाम मत. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळा आला की नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसायचं आणि आमचा चांदा जिल्हा त्याच प्रांतातला. आजही महाशिवरात्रीला विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथला चौरागड चढतात, नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीच्या यात्रेला जातात, त्या देवाला मोठा महादेव म्हणतात. पण १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, पचमढी मध्य प्रदेशात राहिली.

"आपल्याले समुद्र देला अन् डोंगर काढून घेतला," हे म्हणाले. "समुद्र तरी कसा? आठशे किलोमीटरवर!"

राहता राहिला चिखलदरा. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, आणि विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण. एकमेव असल्यामुळे निवड करताना भांडण होत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मग ह्यांनी कागद काढला. भद्रावती समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटर, चिखलदरा अकराशेच्या आसपास, फरक नऊशेचा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे आपल्याला मिळणार सहा अंश. खोलीचं भाडं, पेट्रोल, खाणंपिणं मिळून बारा हजार. बारा हजार भागिले सहा.

"अंशाला दोन हजार पडते," हे म्हणाले आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "घ्याचं का?"

मी म्हटलं, घ्या.

त्या क्षणापासून आमची सहल डोंगराची राहिली नाही, ती फरकाची झाली. भद्रावतीचा पारा जितका चढेल तितका आमचा अंश स्वस्त पडणार होता. आजवर सकाळी पेपर उघडून तापमानाचा आकडा पाहत "मेलो" म्हणणारा माणूस आता तोच आकडा पाहून "चांगलं हाये, वाढू द्या" म्हणायला लागला. शेजारच्या काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. झाडांना पाणी घालायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि ह्यांनी त्यांच्यावर आणखी एक काम टाकलं: रोज दुपारी तीन वाजता आमच्या ओट्यावरच्या थर्मामीटरचा आकडा फोनवर कळवायचा.

पहाटे अंधारात निघालो. वरोरा, सेवाग्राम-वर्धा, मग पुलगाव-धामणगाव करत अमरावती. बरोबर तिखट-मिठाच्या पुऱ्या, ठेचा, कैरीचं पन्हं आणि ह्यांच्या आग्रहानं प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही. यामागचं शास्त्र कोणी विचारू नये, ऊन लागलेल्या माणसाच्या खिशात कांदा नव्हता एवढं आमच्याकडं नेहमी सिद्ध होतं. अमरावतीला गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा ताकात बुडवून वर तिखट-गोड पाणी घालतात, तो खाऊन निघेपर्यंत दहा वाजले आणि पुढच्या रस्त्यावर डांबर चमकायला लागलं. वलगाव मागे पडलं, जिथं १९५६च्या डिसेंबरात पेढी नदीजवळ गाडगेबाबा गेले. अचलपूर-परतवाडा आलं, सागाच्या लाकडाचे ढीग दिसले आणि परतवाड्यानंतर रस्ता एकदाचा वर बघू लागला.

घाट म्हणजे वळणं आणि वळणांवरची माकडं. साग मेमध्ये पानं टाकून मोकळा झालेला असतो. रान सगळं तपकिरी, दगड उघडे, मधूनच एखादा पळस किंवा पिंपळ नव्या पानांनी लकाकतो. हिरवागार सातपुडा पाहायला गेलेल्या माणसाची इथं निराशा होते, पण सर्व्हेअरला आनंद होतो, कारण झाडं आडवी न आल्यामुळे थर दिसतात. ह्यांनी दोनदा गाडी थांबवली. पहिल्यांदा मला वाटलं, दरी दाखवायची असेल. ह्यांनी समोरच्या उताराकडं बोट केलं. "हा उतार सदतीस अंशांच्या वर हाये. आम्ही ओबीचा ढीग याच्यापेक्षा उभा ठेवला असता तर सेफ्टीवाल्यांनी काम बंद पाडलं असतं." सुट्या मातीचा ढीग आपणहून ज्या कोनात टिकतो तो साधारण सदतीस अंशांचा, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. इथला सातपुडा बेसाल्टचा, अखंड, लाव्हाच्या थरांचा. तो या नियमाला बांधलेला नाही, हे मी नम्रपणे सुचवलं. "तेच म्हणून राह्यलो मी," हे म्हणाले. "निसर्गाले परवानगी लागत नाही."

वर पोचून गाडीच्या काचा खाली केल्या आणि वारा आत आला. मी बॅगेतून शाल काढली. ह्यांनी फोन काढला. अडतीस.

"आपल्याकडं?"

काकूंचा आकडा तीन वाजता आला, सेहेचाळीस. फरक आठ. बारा हजार भागिले आठ, अंश दीड हजारावर उतरला. ह्यांचा चेहरा असा उजळला की त्या आनंदात ह्यांनी मला पहिल्यांदाच न मागता हॉटेलचा चहा पाजला. बाहेर अडतीस अंश असताना शेजारच्या टेबलावर एक नागपूरकर कुटुंब मफलर बांधून बसलं होतं. पुण्याच्या एका जोडप्यानं त्यांच्याकडं पाहत छोटा पंखा तोंडावर धरला. थंडी किती, हे माणूस कुठून आला यावर असतं. आम्ही सेहेचाळिसातून आलेले, आम्हाला अडतीस म्हणजे गारठाच.

खोलीचं बुकिंग करतानाच ह्यांनी विचारलं होतं, "कूलर आहे का?"

"साहेब, इथं कूलर लागत नाही."

हे थोडा वेळ गप्प झाले होते. त्या गप्प होण्याचा अर्थ रात्री कळला. विदर्भातला माणूस मार्च ते जून कूलरपुढं झोपतो. आमच्या घरचा कूलर पत्र्याचा आहे, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत टुल्लू पंप, आणि पात्याला कुठंतरी पत्रा लागतो त्याचा दर अर्ध्या सेकंदाला एक खटका. टाकीत पाणी कमी झालं की पंप घरघरतो, मग कोणीतरी उठून नळी लावतो. असा संसार आम्ही वर्षानुवर्षं ऐकत झोपलो. चिखलदऱ्याच्या त्या खोलीत दिवा मालवल्यावर असली शांतता पसरली की रातकिडे वेगवेगळे ऐकू येऊ लागले.

"झोप नाही येऊन राह्यली," हे म्हणाले.

"थंड आहे की छान."

"थंड हाये, पण आवाज कुठं हाये?"

शेवटी ह्यांनी न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू केला. त्याचं पातंही जाळीला घासत होतं. दोन मिनिटांत हे घोरायला लागले. सकाळी हॉटेलच्या पोरानं दुरुस्त करून देतो म्हणून स्क्रू ड्रायव्हर आणला, तेव्हा ह्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

चिखलदऱ्यात बघायचं म्हणजे पॉइंट. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, हरिकेन पॉइंट. इंग्रज साहेबांनी जिथं जिथं उभं राहून दरी पाहिली तिथं तिथं पॉइंट झाला. जीपवाल्याकडं त्यांची यादी असते आणि यादीत निम्म्या ठिकाणी धबधबा लिहिलेला असतो. भीमकुंडाला आम्ही कठड्याशी उभे राहिलो. खाली खोल काळा डोह, पलीकडं उभा कडा.

"धबधबा?" मी विचारलं.

जीपवाल्यानं कड्यावरच्या एका काळ्या डागाकडं बोट दाखवलं. "हा काय, ताई. ऑगस्टमध्ये इथूनच पडते."

मेमध्ये चिखलदऱ्याचे धबधबे असे सगळे डागांच्या रूपात असतात. पुण्याच्या जोडप्यानं त्या डागापुढं उभं राहून फोटो काढले. आम्ही भीमाचं ऐकत राहिलो. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं आणि या कुंडात हात धुतले, अशी आख्यायिका आहे. ह्यांना राहवलं नाही. भीम आमच्या गावीही येऊन गेलाय. जैमिनी अश्वमेधात यौवनाश्व राजाची भद्रावती नगरी आहे. धर्मराजाच्या अश्वमेधासाठी भीमानं तिथून श्यामकर्ण घोडा नेला, आणि ती नगरी आमचीच, असं आम्ही भद्रावतीकर पिढ्यान् पिढ्या मानतो.

जीपवाल्यानं हिशेब चटकन लावला. "म्हणजे तुमच्याकडून घोडा नेला अन् आमच्याकडं प्रेत टाकलं."

"विदर्भाच्या वाट्याले असंच येते," हे म्हणाले, आणि दोघांची तिथं जी मैत्री झाली ती शेवटपर्यंत टिकली.

जंगल सफारीला मात्र ह्यांनी साफ नकार दिला. इथला मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सर्वांत आधी जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, ताडोब्याला तो दर्जा मिळायला १९९५ उजाडावं लागलं. ज्येष्ठता त्यांचीच. पण वाघ पाहण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसानं दुसऱ्या जिल्ह्यात पैसे देणं ह्यांना कमीपणाचं वाटतं. आमच्याकडं वाघ औष्णिक वीज केंद्राच्या आवारात फिरतो आणि खाणीच्या ढिगाऱ्यांवरही चढतो. नाइट शिफ्टवाले त्याच्यामुळे उशिरा येतात आणि ते कारण खरं असतं. मेळघाटचा वाघ दाट, डोंगराळ रानात राहतो आणि सहसा दिसत नाही. जीपवाल्यानं हे सांगितल्यावर ह्यांना त्या वाघाबद्दल आदर वाटला. "आपले वाघ फार सवंग झाले," एवढंच म्हणाले.

पंचबोल पॉइंटला हाक मारली की दरीतून पाच वेळा परत येते. तिथं सगळे आपापल्या मुलांची नावं ओरडतात. आमचा मुलगा पुण्याला, त्याला इथून ओरडून काय उपयोग? हे थोडे पुढं, कठड्यापाशी कोन मोजत उभे होते. मी जोरात हाक मारली, "अहो!"

दरी म्हणाली, अहो, अहो, अहो, अहो, अहो.

माझ्याशिवाय आणखी पाच बायकांनी बोलावूनसुद्धा ह्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

गाविलगडावर सकाळी लवकर गेलो. जुना, मोठा, बहमनी आणि इमादशाही काळ पाहिलेला किल्ला. दरवाजे, तळी, पडझड झालेली मशीद, गवतात पडलेल्या तोफा. इंग्रजांनी आपल्या तोफा डोंगरातून रस्ता करत ओढून आणल्या होत्या, त्यावर हे बराच वेळ गप्प राहून आकडेमोड करत होते. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. दहा वाजले तशी दगडाची धग वर येऊ लागली आणि वेलस्लीनं डिसेंबर का निवडला याचा खुलासा तळपायांना झाला.

एका गोष्टीचं मोजमाप मात्र ह्यांनी केलं नाही, ती म्हणजे रबडी. चिखलदऱ्याच्या आसपास गवळ्यांची वस्ती आहे, म्हशी आहेत आणि दूध उदंड. एका टपरीवर पसरट लोखंडी कढई मंद आचेवर होती. बाई शेजारी पाटावर बसलेली. दुधावर साय धरली की ती उलथण्यानं हलकेच उचलून कढईच्या काठाला लावायची. पुन्हा दूध शांत, पुन्हा साय, पुन्हा काठाला. काठावर सायीचा जाड पिवळट पट्टा चढत जातो. दूध आटून तळाशी आलं की मग तिनं तो सगळा पट्टा खरवडून आत लोटला आणि साखर घातली. द्रोणात आलेल्या रबडीत सायीचे पापुद्रे जिभेला वेगवेगळे लागत होते. हे दुसरा द्रोण मागताना अंशाचा भाव विसरले. चिखलदऱ्यात कॉफीचीही लागवड आहे आणि इथले लोक ते अभिमानानं सांगतात. आम्ही एका टपरीवर कॉफी मागितली तर टपरीवाल्यानं पुडी फोडली. म्हणून पुन्हा रबडी.

संध्याकाळी सूर्यास्त पाहायला एका पॉइंटवर गर्दी जमली. सूर्यास्ताला अजून वेळ होता. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठले जी तुम्ही?"

"चंद्रपूरकडले. भद्रावती. तुम्ही?"

"अकोला."

दोघांनी एकमेकांकडं नीट पाहिलं. जगातल्या सगळ्यांत तापलेल्या शहरांच्या याद्या उन्हाळ्यात फिरतात, त्यांत चंद्रपूर आणि अकोला ही दोन नावं अनेकदा वर-खाली असतात. पैलवान सलामी घेतात तेवढा वेळ दोघं थांबले.

"किती होतं निघताना?" अकोला.

"सेहेचाळीस," हे म्हणाले. "पॉइंट दोन."

"आमचं पंचेचाळीस पॉइंट आठ. पण आमच्याकडं रात्रीही उतरत नाही, पाहा."

"आमच्याकडं कोळसा पेटते जमिनीत. खालून वेगळं, वरून वेगळं."

नागपूरच्या गृहस्थांनी मध्ये तोंड घातलं, आमच्याकडं सिग्नलला थांबलं की टायर डांबराला चिकटते. अकोल्याच्या वहिनी म्हणाल्या, आम्ही कुरडया सकाळी घालतो न, चहा होईपर्यंत वाळतात. मीही मागं राहिले नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही, आंघोळ पहाटे करावी लागते, असं सांगून टाकलं. माणसं थंड हवा खायला आलेली आणि जो तो आपापल्या घरच्या उन्हाची बाजू लढवत होता. तेवढ्यात पुण्याचे गृहस्थ उत्साहानं पुढं आले. "अहो, यंदा आमच्या पुण्यातही एक्केचाळीस गेलं होतं!"

कोणी काही बोललं नाही. अकोल्याच्या वहिनींनी त्यांना चिवडा दिला.

बाकाच्या टोकाला एक सडपातळ म्हातारे गृहस्थ मघापासून शेंगा सोलत बसले होते. ह्यांनी रीत म्हणून विचारलं, "काका, तुम्ही कुठले?"

"ब्रह्मपुरी," ते म्हणाले आणि पुढची शेंग सोलली.

विषय संपला. आकडा सांगायची त्यांना गरज पडली नाही. अकोल्याच्या गृहस्थांनी उठून जागा करून दिली. ह्यांना आधी हार टोचली, मग आठवलं की ब्रह्मपुरी आपल्याच जिल्ह्यात येते, आणि ह्यांनी खुर्चीवरून उठल्यागत ताठ होऊन अकोल्याकडं पाहिलं. या सगळ्यात सूर्य कधी बुडाला ते कोणाला कळलं नाही. "उद्या पाहू," म्हणत सगळे खाली उतरले.

घात झाला तो दुसऱ्या दिवशी. तीन वाजता काकूंचा फोन आला नाही. साडेतीनला आला, तोही खिदळत.

"वहिनी, मस्त पाणी आलं जी! वारं सुटलं, गारा पडल्या, लाइन गेली. इतकं थंड झालं! तुम्ही कायले गेल्या बाप्पा तिकडं?"

मी आकडा विचारला. एकतीस.

चिखलदऱ्यात त्या घडीला सदतीस होतं.

ह्यांनी कागद काढला, पण पेन काढलं नाही. बारा हजार भागिले उणे सहा हे त्यांच्याच्यानं लिहवेना. आम्ही पैसे देऊन सहा अंश जास्त गरम ठिकाणी बसलो होतो, आणि घरच्या गच्चीवर गारा वितळत होत्या. संध्याकाळी अकोल्याचे गृहस्थ वाटेत भेटले. त्यांच्याकडंही पाऊस पडला होता. काल एकमेकांना भिडलेले दोघं आज कठड्याशी खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि त्या दिवशीचा सूर्यास्त दोघांनी पूर्ण पाहिला. दुसरं करायला काही उरलं नव्हतं.

"असं नाही पाहिजे व्हायला," अकोला म्हणाले.

"सरकारनं काही केलं पाहिजे," हे म्हणाले.

अवकाळी पावसाचा थंडावा आमच्याकडं फार टिकत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि जमिनीतली ओल वाफेनं वर आली. काकूंचा आवाज कोमेजला होता. चव्वेचाळीस, आणि वर घामाच्या धारा. लाइन अजून यायची होती, कूलर बंद, झाडाची एक फांदी आमच्या ओट्यावर. ह्यांनी फोन ठेवला, एक्झॉस्ट फॅन लावला आणि दुपारची गाढ झोप काढली. उठल्यावर म्हणाले, "वाफेचे दोन अंश वेगळे धरले पाहिजे." हिशेब शेवटी अंशाला चौदाशे रुपयांवर मिटला. रबडी त्यात धरलेली नाही.

तुम्हाला चिखलदऱ्याला जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबरात जा. धबधबे तेव्हाच पडतात, डोंगर तेव्हा खरोखर हिरवा असतो, आणि ढग खोलीत शिरतात म्हणून शाल वापरायला निमित्त मिळतं. आमच्यासारखं मेमध्येच जावं लागलं तर गाविलगड सकाळी नऊच्या आत उरका आणि पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या. पॉइंटवर अकोल्याचं कोणी भेटलं तर आकडा आधी त्यांना सांगू द्या. ब्रह्मपुरीचं भेटलं तर सांगूच नका.